घोव म्हणजे नवरा: दूरचित्रवाणीवरच्या शिव्या कोण कापतो आणि कशाच्या आधारे

गेल्या गणपतीत वेंगुर्ल्याच्या आमच्या घरी रात्रीची आरती आटोपल्यावर साडेआठची मालिका लागली होती. मुंबईहून चाकरमानी आलेले होते आणि माजघरात पंधरा-सोळा माणसे दाटीवाटीने बसली होती. मालिकेतला म्हातारा तळकोकणातला दाखवला होता. दाव्यातून सुटलेली होडी वाहून जाताना पाहून त्याने कपाळावर हात मारला आणि तो म्हणाला, "आवशीचो...", पुढे फक्त टूं असा लांबट आवाज झाला. ऐंशी ओलांडलेल्या काकीने मला विचारले, "काय म्हणालो रे झिला तो?" मी सांगितले, "घोव." त्यावर ती म्हणाली, "मगे टूंय कित्याक वाजला?" कोपऱ्यात बसलेल्या नऊ वर्षांच्या पुतणीला मालवणी फारशी येत नाही. त्या आवाजाखाली जो शब्द दडला असेल असे तिला वाटले, तो तिने भावाच्या कानात सांगितला, आणि तो शब्द खरोखरच वाईट होता.

मालवणीत आवस म्हणजे आई आणि घोव म्हणजे नवरा. आईचा नवरा म्हणजे बाप. आश्चर्य, चडफड किंवा हळहळ व्यक्त करताना हा उद्गार आमच्याकडे सहज निघतो. तो सभ्य आहे असे मी म्हणणार नाही, कारण शाळेत मास्तरांसमोर तो काढला असता तर कान पिळला गेला असता. परंतु त्यात अश्लील काही नाही, हेही तितकेच खरे आहे. काकीच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर हा आवाज कोण घालतो, कोणत्या नियमाखाली घालतो आणि त्या नियमात नेमके काय लिहिले आहे, हे पाहावे लागते.

आवाज घालण्याची क्रिया सोपी आहे. ध्वनिसंकलक त्या शब्दापुरता आवाज काढून टाकतो आणि त्या जागी साधारणपणे एक हजार हर्ट्झचा एकसुरी स्वर बसवतो. आवाजाची पातळी जुळवण्यासाठी हाच स्वर तंत्रज्ञांच्या हाताशी पूर्वीपासून होता, म्हणून बीपसाठीही तोच रूढ झाला. याशिवाय शब्दाच्या जागी नुसती शांतता ठेवणे, नटाकडून सौम्य शब्द पुन्हा बोलवून घेणे, ओठांवर धूसर ठिपका टाकणे आणि खालच्या अक्षरांत फुल्या घालणे हेही मार्ग वापरले जातात. थेट प्रक्षेपणात काही सेकंदांचा उशीर मुद्दाम ठेवून तेवढ्यात शब्द गाळता येतो. शब्दाचे पहिले अक्षर मात्र बहुधा ऐकू येईल असेच ठेवलेले असते, आणि त्यामुळे ऐकणाऱ्याचे मन उरलेला शब्द स्वतः भरून काढते. माझ्या पुतणीच्या बाबतीत नेमके हेच घडले.

घरात त्या दिवशी कुणीतरी "सेन्सॉरने कापले" असे म्हणाले. हा आपल्याकडचा सार्वत्रिक गैरसमज आहे. ज्याला आपण सेन्सॉर बोर्ड म्हणतो ते मंडळ चित्रपट कायदा, १९५२ खाली काम करते आणि त्याच्या नावातला सेन्सॉर हा शब्द १९८३ मध्येच जाऊन तिथे प्रमाणन हा शब्द आला. चित्रपट या मंडळाकडे आधी जातो, प्रमाणपत्र मिळवतो आणि मगच पडद्यावर येतो. मालिकेचा भाग मात्र प्रक्षेपणापूर्वी कोणत्याही सरकारी मंडळाकडे जात नाही. तो लिहिणारे, चित्रित करणारे आणि दाखवणारे सगळे खाजगी लोक असतात, आणि टूं हा आवाज वाहिनीच्या स्वतःच्या कार्यालयात घातला जातो.

अर्थात वाहिनीला मोकळे रान आहे असे नाही. उपग्रह वाहिन्या घराघरांत आल्यावर केंद्र सरकारने केबल दूरचित्रवाणी जाळे (नियमन) कायदा, १९९५ हा कायदा केला. त्याचे नियम १९९४ चे, म्हणजे कायद्यापेक्षा एक वर्ष जुने आहेत, कारण सुरुवात वटहुकमाने झाली होती. या नियमांतला सहावा नियम म्हणजे कार्यक्रम संहिता. आमच्या भागात डोंगराच्या घडीमुळे केबलची तार अनेक वाड्यांपर्यंत पोचलीच नाही आणि कौलांवर डिशच्या थाळ्या आल्या, तरी संहिता तीच लागू होते, कारण वाहिनीला उपग्रहाद्वारे प्रक्षेपणाची परवानगी देतानाच ती पाळण्याची अट घातलेली असते.

ही संहिता मी दोनदा शांतपणे वाचली. तिच्यात निषिद्ध शब्दांची यादी नाही. अभिरुची आणि सभ्यता यांना धक्का देणारे काही दाखवू नये, अश्लील किंवा बदनामीकारक काही असू नये, मुलांसाठीच्या कार्यक्रमांत वाईट भाषा असू नये, आणि मुलांना न शोभणारे कार्यक्रम जास्तीत जास्त मुले पाहत असतील अशा वेळी लावू नयेत, अशा स्वरूपाची ती वाक्ये आहेत. शब्दांची यादी करण्याचा एक प्रयत्न चित्रपटांच्या बाबतीत झाला होता. २०१५ च्या आरंभी प्रमाणन मंडळाच्या तत्कालीन अध्यक्षांनी हिंदी आणि इंग्रजी शब्दांची एक यादीच काढली होती. परंतु मंडळाच्या सदस्यांनीच तिला विरोध केला आणि ती बाजूला ठेवावी लागली. यादी करता न येण्याचे कारण समजण्यासारखे आहे. "मेल्या" हा शब्द अक्षरशः घेतला तर तो मरणाचा शाप आहे, आणि मालवणच्या बाजारात दोन मित्र वर्षभराने भेटले तर त्यांच्या तोंडून पहिला शब्द तोच निघतो.

यादी नसल्यामुळे "अभिरुची" आणि "सभ्यता" या दोन शब्दांचा अर्थ ठरवण्याचे काम वाहिनीच्या कार्यालयातल्या काही माणसांवर येते. या विभागाला त्या क्षेत्रात एस अँड पी, म्हणजे स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस, म्हणतात. पटकथा आधी त्यांच्या नजरेखालून जाते, तयार भाग नंतर पुन्हा पाहिला जातो, आणि काय गाळायचे याची टिपणे संकलकाकडे जातात. या माणसांच्या हेतूविषयी मला शंका नाही. मात्र त्यांच्यासमोरचा हिशेब एकतर्फी असतो. शंका आलेला शब्द कापला तर कुणी तक्रार करत नाही. ठेवला तर कुठल्यातरी पोलीस ठाण्यात फिर्याद होऊ शकते, जाहिरातदार नाराज होऊ शकतो, केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाची नोटीस येऊ शकते. रोज प्रक्षेपित होणाऱ्या मालिकेत प्रत्येक शब्दावर विचार करायला वेळही नसतो. त्यामुळे ज्याचा अर्थ नीट ठाऊक नाही तो शब्द कापणे हाच त्यांच्या दृष्टीने सुरक्षित मार्ग ठरतो, आणि कोणते शब्द त्यांना ठाऊक नसणार हे सांगायला नको. प्रमाण मराठीतल्या शिव्यांची त्यांना पारख असते, मालवणीचे शब्द मात्र निव्वळ नादावरून पकडले जातात. २०१० च्या जानेवारीत शिक्षणव्यवस्थेवरचा एक मराठी चित्रपट आला, तेव्हा त्याच्या नावातल्या "आयचा घो" या शब्दांवरून मोठा गदारोळ झाला होता. घो म्हणजे नवरा हे उभ्या महाराष्ट्राला तेव्हा वर्तमानपत्रांतून समजले, आणि चित्रपट त्याच नावाने प्रदर्शित झाला. पंधराहून अधिक वर्षांनी तोच शब्द आमच्या माजघरात पुन्हा गाळला गेला.

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग म्हणजे न्यायालयांनी असभ्य आणि अश्लील यांच्यात केलेला फरक. तो समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९६२ च्या एका मराठी दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची एक कथा छापून आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ मध्ये न्यायालयाने काकोडकरांच्या बाजूने निकाल देताना म्हटले की समाजाची मापे बदलत असतात आणि लेखन समकालीन मापाने, समग्रपणे वाचून जोखले पाहिजे. १९८५ मध्ये समरेश बसू यांच्या बंगाली कादंबरीच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की ग्राम्य लेखन वाचून किळस येईल, शिसारी येईल, कंटाळाही येईल, परंतु तेवढ्याने वाचणाऱ्याची नीती बिघडत नाही, आणि म्हणून ते अश्लील ठरत नाही.

हे दोन्ही खटले छापील शब्दांचे होते. कानावर पडणाऱ्या शिव्यांचा प्रश्न १९९६ मध्ये फूलनदेवीच्या आयुष्यावरील चित्रपटाच्या खटल्यात आला. त्यातल्या शिव्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा शिव्या प्रत्येक शहरात आणि गावाच्या रस्त्यावर रोज ऐकू येतात, त्यांचा फार बाऊ करण्याचे कारण नाही, आणि चित्रपटात ऐकल्या म्हणून कोणताही प्रौढ माणूस त्या देऊ लागणार नाही. अगदी अलीकडचा निकाल मार्च २०२४ चा आहे. महाविद्यालयीन मुलांवरच्या एका वेब मालिकेतल्या शिव्यांवरून दिल्लीत खटला उभा राहिला होता. तिथल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी आपल्या निकालात नोंदवले होते की इतरांना धक्का बसू नये म्हणून ते भाग आपल्याला कानाला यंत्र लावून ऐकावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने तो खटला रद्द केला. त्यामागचा विचार आमच्या काकीला सहज पटेल असा आहे: शिवीतल्या शब्दाचा शब्दशः अर्थ कामविषयक असला तरी बोलणाऱ्याच्या मनात तो अर्थ नसतो, तो राग, वैताग, दुःख किंवा उत्साह व्यक्त करत असतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनातही त्यामुळे कामुक विचार येत नाहीत. म्हणून केवळ शिवी आहे म्हणून मजकूर अश्लील होत नाही.

इथे एक खबरदारी घेतली पाहिजे. वरचे निकाल प्रामुख्याने अश्लीलतेचा गुन्हा झाला की नाही, किंवा प्रौढांसाठी प्रमाणित झालेला चित्रपट दाखवावा की नाही, याविषयीचे आहेत. दूरचित्रवाणीच्या संहितेत अश्लीलतेच्या जोडीला अभिरुची आणि सभ्यता हे शब्द आहेत, आणि ते पुष्कळ रुंद आहेत. त्यामुळे एखादी शिवी गुन्हा नसली तरी रात्री साडेआठला ती संहितेत बसणार नाही, असे होऊ शकते, आणि मला ते अयोग्य वाटत नाही. चित्रपटाला जाणारा माणूस तिकीट काढून, दाराशी वय सांगून आत जातो. दूरचित्रवाणी जेवणाच्या वेळी, आजी आणि नात शेजारी बसलेल्या असताना, न विचारता घरात बोलत असते. म्हणूनच प्रौढांसाठी प्रमाणित चित्रपट वाहिन्यांवर दाखवण्यावर बंधने आहेत, आणि २००४ मध्ये दाखल झालेल्या एका याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ती कसोशीने पाळायला लावली. २०२३ च्या दुरुस्तीनंतर तर अशा चित्रपटांना दूरचित्रवाणीसाठी वेगळे प्रमाणपत्र देण्याची तरतूद कायद्यातच आली आहे.

शब्दापेक्षा वेळेला जपणे ही कल्पना आपल्याकडे बाहेरून आली असे समजण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये रात्री ९ नंतर आणि अमेरिकेत रात्री १० नंतर प्रक्षेपणाचे नियम सैल होतात हे खरे. परंतु कोकणातल्या शिमग्याने हाच नियम कितीतरी आधीपासून पाळला आहे. फाल्गुन पौर्णिमेला होम पेटला की त्याच्याभोवती बोंबा मारल्या जातात आणि एरवी दारातही न काढलेले शब्द म्हातारेकोतारे मोठ्याने उच्चारतात. कुणी कुणाला अडवत नाही. तोच माणूस तोच शब्द महिनाभराने देवळाच्या सभामंडपात बोलला तर गावचे मानकरी त्याला उभे करून जाब विचारतील. शब्द तोच, तोंड तेच. गावाने त्याला जागा आणि रात्र नेमून दिलेली असते. दशावतारातही मध्यरात्रीच्या सुमारास संकासूर येतो तेव्हा तो इतर पात्रांसारखा भारदस्त मराठीत न बोलता मालवणीत बोलतो, थट्टा करतो, वात्रटपणा करतो. संवाद लिहिलेले नसतात, ते तिथल्या तिथे रचले जातात, आणि पुढच्या रांगेत कोण बसले आहे हे पाहून तो नट आपली जीभ किती सोडायची ते ठरवतो. वाहिनीला समोरची रांग दिसत नाही, ही तिची खरी अडचण आहे.

ती अडचण ओळखून वाहिन्यांच्या संघटनेने २०११ मध्ये स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे केली. त्यांत सर्वांसाठीचे कार्यक्रम आणि मर्यादित प्रेक्षकांचे कार्यक्रम असे दोन वर्ग केले आणि दुसऱ्या वर्गाला रात्री ११ ते पहाटे ५ ही वेळ दिली. तक्रारी ऐकण्यासाठी निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली एक परिषदही नेमली. तिचे पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती अजित प्रकाश शाह होते. बातम्यांच्या वाहिन्यांसाठी अशीच वेगळी यंत्रणा २००८ पासून आहे. मालिकेला रात्री साडेआठची वेळ हवी असेल तर भाषा साडेआठची ठेवावी लागते, हा त्यातला साधा व्यवहार आहे.

हे सारे मान्य करूनही माझी एक तक्रार राहते, आणि ती कापलेल्या शब्दापेक्षा न कापलेल्या शब्दांविषयी आहे. ज्या भागात "घोव" गाळला गेला, त्याच भागात सासू सुनेला "वांझोटी" म्हणाली आणि एका विधवेला "पांढऱ्या पायाची" म्हटले गेले. तिथे कोणताही आवाज आला नाही. हे शब्द शिव्या म्हणून गणले जात नाहीत म्हणून ते निसटतात. खरे तर काकीच्या पिढीतल्या कित्येक बायकांचे आयुष्य ह्याच शब्दांनी पोळले आहे. संहितेत स्त्रियांची अप्रतिष्ठा करणाऱ्या चित्रणाला मनाई करणारे स्वतंत्र कलम आहे. त्याच संहितेत आणखी एक कलम आहे, जे कोकणातल्या प्रत्येक प्रेक्षकाने पाठ करावे असे आहे: विशिष्ट वांशिक, भाषिक किंवा प्रादेशिक समूहांविषयी तुच्छतेने, हिणवणारे शब्द किंवा दृश्ये असू नयेत. मालवणी बोलणारा म्हटला की तो दारू पिणारा, भांडखोर किंवा भुताखेतांना भिणारा गडीच असणार, असे वर्षानुवर्षे दाखवले जाते, त्याला हे कलम सरळ लागू होते. आपण मात्र त्याचा आधार घेतल्याचे क्वचितच दिसते. दोष द्यायचा झाला तर मालिकेत तो पात्राचा आहे आणि लेखकाने तो दाखवण्यासाठीच लिहिला आहे, असा युक्तिवाद होऊ शकतो, आणि काही वेळा तो योग्यही असतो. सासू दुष्ट दाखवायची तर ती दुष्टच बोलणार. फरक पाहायचा तो कथा कुणाच्या बाजूने उभी आहे यात. समग्रपणे वाचा, असे न्यायालयाने १९६९ मध्ये सांगितले ते यासाठीच.

मोबाइलवर दिसणाऱ्या वेब मालिकांना ही केबलची संहिता लागू नाही. त्यांच्यासाठी २०२१ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली वेगळे नियम झाले, ज्यांत ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे वयोगट आणि प्रौढांसाठीचा गट ठरवून देणे आणि मुलांसाठी कुलूप ठेवणे अपेक्षित आहे. तिथे बीप जवळजवळ नसतोच. कुलूप मात्र घरातल्या मोठ्या माणसाने स्वतः लावावे लागते.

आता तक्रारीची वाट. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ती तीन पायऱ्यांची आहे. पहिली पायरी वाहिनीची: तिने तक्रार ऐकण्यासाठी अधिकारी नेमायचा, तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत द्यायची आणि १५ दिवसांत निकाल कळवायचा. उत्तर पटले नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील करता येते, आणि तिने ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. त्यानंतर केंद्र सरकारची समिती. यासाठी वकील लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. वाहिनीचे नाव, मालिकेचे नाव, तारीख, वेळ, नेमके वाक्य आणि संहितेतल्या कोणत्या कलमाशी ते विसंगत आहे, इतके लिहिले की पुरते. कापल्याबद्दलही लिहिता येते, मात्र न कापल्याबद्दलची तक्रार संहितेत अधिक घट्ट बसते, म्हणून मी दोन्ही एकाच पत्रात घातल्या.

काकीला ते पत्र मी वाचून दाखवले. "वांझोटी" आणि "पांढऱ्या पायाची" या ओळींवर ती काही बोलली नाही, नुसती मान हलवली. शेवटी तिने एक ओळ घालायला सांगितली, आणि ती मी तिच्याच शब्दांत घातली: "घोव म्हणजे नवरा. आमच्यात त्येका आम्ही असाच म्हणतंव."